निवृत्तीकाकांचं स्वस्तातलं पुणं

पिंपळगाव राजात रेल्वे येत नाही. रूळ पाहायचे तर नांदुऱ्याला जा, जलंबला जा, नाहीतर शेगावला. तरी कुणाला कुठं जायचं असलं की लोक आधी निवृत्तीकाकांना विचारतात आणि मग तिकीट काढायला माझ्याकडे येतात. माझं स्टँडवर ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, आधार, लाइटबिल, तिकिटं, सगळं करून देतो. पण कॉम्प्युटर हरिओमचा आणि अक्कल निवृत्तीची, असं गाव म्हणतं. पंधरा वर्षं हे ऐकून माझे कान किटले आहेत.

काका चौसष्ट वर्षांचे. दोन एकर शेत, त्यात वांगी, भेंडी, थोडी कोथिंबीर. सकाळी भाजीचा टेम्पो लावून दिला की माझ्या दुकानासमोरच्या बाकड्यावर येऊन बसणार. अंगात बिनबाह्यांची बंडी, हातात कालचा पेपर. पेपरात ते फक्त गाड्यांच्या बातम्या वाचतात. कुणी म्हणालं, "काका, अकोल्याला जाचं हाये," की पेपर खाली.

"एकटा जातं का बायको हाये संगं?"

"बायको हाये."

"मंग एसटी. तिले अर्धं तिकीट लागते. तू एकटा असता तं शेगाववरून पॅसेंजर धराले सांगतलं असतं."

असं सगळ्यांचं. सुरतला कुठून जावं, नागपूरला कोणत्या गाडीनं गेलं की परतीची गाडी लगेच मिळते, खामगावहून जलंबला जाणारी छोटी गाडी कुठल्या मोठ्या गाडीला जुळते, सगळं तोंडपाठ. गंमत अशी की हा माणूस स्वतः फारसा कुठं गेलेलाच नाही. जिथं गेला तिथं स्वस्तात गेला आणि उशिरा पोहोचला.

एकदा रुखमाकाकूंच्या भाच्याचं लग्न होतं अकोल्याला. काकांनी डोकं चालवलं. बाईला एसटीत अर्धं तिकीट, म्हणून काकू एसटीनं. स्वतः भाजीच्या टेम्पोत फुकट शेगावपर्यंत आणि तिथून पॅसेंजरनं. एकाच घरातली, एकाच लग्नाला निघालेली नवरा-बायको दोन वाटांनी गेली. पॅसेंजर मध्येच कुठंतरी बाजूला लावून ठेवली. आहेराची पिशवी काकांजवळ आणि काकू अकोल्याच्या स्टँडवर साडेतीन तास उभ्या. लग्न लागून गेलं, पंगती उठल्या, तेव्हा ही दोघं मांडवात शिरली. मी म्हटलं, "काका, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला." तर मलाच म्हणाले, "तुले हिशोब नाई समजत बे."

 काकू सहसा बोलत नाहीत. चिडतात की नाही तेही कळत नाही. फक्त फार दमलेल्या दिसतात.

नशीबही काकांच्या हिशोबावर टपून बसलेलं. साठ पूर्ण झाली की रेल्वेत चाळीस टक्के सूट मिळणार म्हणून ते चातकासारखे वाट पाहत होते. कोरोनात ती सवलत बंद झाली आणि पुढच्याच वर्षी काका साठचे झाले. ते दोन दिवस बाकड्यावर आलेच नाहीत. मला हसू आलं होतं तेव्हा. आता ते पासष्टची वाट पाहताहेत, एसटीत अर्धं तिकीट होईल म्हणून.

त्यांना एकच लेक, करिष्मा. लग्नानंतर फार वर्षांनी झालेली. तिला चाकणचं स्थळ आलं. मुलगा कंपनीत कायम, निर्व्यसनी, घरात सोबत आई. काकूंचं म्हणणं होतं की लेक इतक्या लांब नको, बुलढाणा-अकोल्यात द्यावी. काका म्हणाले, "लांब कायचं वं? रेल्वेनं साडेतीनशेत माणूस पुन्याले जाते. रातच्याले बस, सकाळी उतर." काकूंनी ते मानलं. साडेतीनशे म्हणजे काही फार नव्हते. पण तीन वर्षांत काका दोनदा गेले आणि काकू एकदाच. कधी भेंडीची तोडणी, कधी म्हैस व्यायलेली, आणि तिकीट दर वेळी दोघांचं, येण्याचं नि जाण्याचं. काकांनी भाडं बरोबर सांगितलं होतं. बाकीचं कुणी विचारलंच नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात करिष्माला दिवस गेल्याचं कळलं. काकूंच्या अंगात एकदम बळ आलं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. ओटी भरली की माहेरच्यांनी लेकीला घेऊन यायचं आणि तो खर्च माहेरचा, जावयाचा एक रुपया घ्यायचा नाही. आणि आणायचं ते सातव्यात. आठव्या महिन्यात गरवार बाईला जागेवरून हलवत नाहीत.

हे आठव्याचं मला थोतांड वाटायचं. मी आईजवळ तसं बोललो, तर आईनं मला गप्प केलं. म्हणाली, "रुखमाले नको म्हणू असं. तिचं पहिलं असंच गेलं." काकूंच्या वडिलांना तेव्हा कापसामुळं यायला उशीर झाला. आठव्यात एसटीनं नेलं आणि वाटेतच त्रास सुरू झाला. मुलगा होता. त्यानंतर करिष्मा व्हायला आठ वर्षं गेली. पंधरा वर्षं मी या बाईला रोज पाहतो आणि मला हे माहीत नव्हतं.

काकूंनी तिथी मोजून ठेवली होती. ओटी रविवारी आणि आठवा महिना लागणार शुक्रवारी. मधले चार दिवस हातात. पुढच्या आठवड्यात दिवाळी. काका माझ्याकडे आले ते सगळं पाठ करूनच.

"जाताना मी जनरलनं जातो. येतानाचे दोन सिलिपर काढ. सोमवारची रातची गाडी, पुनं ते शेगाव. पोरीले झोपून याले भेटते."

मी पाहिलं. जागा संपलेल्या. वेटिंग बावीस आणि तेवीस.

"होईन का रे?" काकांनी विचारलं. हा माणूस जगाला सांगतो आणि त्या दिवशी मला विचारत होता.

मी म्हटलं, "पंचवीसच्या आतलं होते काका कन्फर्म. काढून टाका."

हे वाक्य माझं. एरवी ते खरंही ठरतं. पण दिवाळीआधी पुण्याहून अर्धा विदर्भ घरी निघतो, त्या गर्दीतून कोण आपलं तिकीट सोडणार आहे, हे माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. गिऱ्हाइकं ताटकळली होती, सर्व्हर रडत होता, मी बोलून मोकळा झालो.

काकू मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "गाडी केली तं? कार?"

"तेरा-चौदा हजार मांगते," काका म्हणाले. "नाकापेक्षा मोती जड."

काकूंना ओटीला जायचं होतं. पण म्हशीचं दूध कोण काढणार, वांग्याला पाणी कोण देणार, आणि परतीला तिसरं तिकीट कुठून आणणार? त्या राहिल्या. साडी, फळं, चिरोट्यांचा डबा बांधून त्यांनी काकांजवळ दिला. घराच्या आतल्या खोलीतून कांद्याची पोती बाहेर काढली, भिंतीला चुना मारला. खारीक, डिंक, अळीव आणून ठेवलं. गुडघे दुखतात म्हणून एरवी त्या माझ्या दुकानाची पायरीही चढत नाहीत.

रविवारी ओटी झाली. सोमवारी सकाळपासून काकांचे फोन. चाकणच्या जावयाच्या दोन खोल्यांतून हा माणूस दर तासाला मला विचारत होता.

"हरिओम, पाह्य रे किती झालं?"

"नऊ, दहा."

तासानं पुन्हा. "आता?"

"पाच, सहा. होते काका."

दुपारी चार्ट लागला. वेटिंग एक आणि दोन. दोन माणसांची जागा कमी पडली आणि तिकिटं आपोआप रद्द झाली. मी काकांना फोनवर सांगितलं. मग म्हणाले, "दोनच राह्यले होते का?"

मंगळवारी अकरा वाजता तत्काळ उघडलं. बुधवारची गाडी. मी दुकानात कुणालाही घेतलं नाही. पावणेअकरापासून नावं, वयं भरून बसलो. अकरा वाजले, चाक फिरायला लागलं, फिरत राहिलं. ते थांबलं तेव्हा अकरा वाजून तीन मिनिटं झाली होती आणि सिलिपर संपला होता. वरच्या एसीचं तर दहालाच उघडून संपलं होतं. तीन मिनिटांत सगळी गाडी भरते. अशा वेळी हे दुकान बंद करून शेती करावी वाटते आणि शेती पाहिली की दुकान बरं वाटतं.

बुधवारी मी ट्रॅव्हल्स पाहिल्या. एरवी आठशे-नऊशेत मिळणारी झोपायची जागा बावीसशेला, तीही सर्वांत मागची, वरची. करिष्माच्या डॉक्टरनं सांगितलं, मागच्या सीटवर गचके लागतात, पाठवू नका. एसटीत तिला अर्धं तिकीट होतं, पण रात्रभर बसून कशी येणार ती? जावई बिचारा म्हणाला, मामा, मी करतो गाडी. करिष्मा म्हणाली, "बाबा, माझ्या पगारातून करू." ती तिथं एका ऑफिसात कामाला आहे.

काका ऐकेनात. मला फोनवर म्हणाले, "पोरीले माहेरी न्याचा पैसा पोरीचा घेऊ का आता? लोक थुकतीन तोंडावर."

मी चिडलो. म्हटलं, "काका, मंग तुमच्या पैशानं करा. भेंडीचे आलेत ना परवा?"

"पाह्यतो," ते म्हणाले.

काकू दिवसातून दोनदा माझ्याकडे येत होत्या. पायरीखाली उभ्या राहायच्या. "झालं का रे?" नाही म्हटलं की बोटं मोजायच्या आणि जायच्या. मी एकदा म्हटलं, "काकू, डॉक्टरच्या हिशोबानं अजून आठ-दहा दिवस हायेत आठव्याले."

"डॉक्टर आठवडे मोजते बापा," त्या म्हणाल्या. "मी महिने मोजले. शुक्रवार उजाडाच्या आत पोरगी तिथून निघाली पाह्यजे. एकदा का घरात आली की मले काई नाई लागत."

गुरुवारी संध्याकाळी काकांचा फोन आला. आवाज वेगळा, चार दिवसांत पहिल्यांदा मोकळा.

"हरिओम, गाडी केली."

"कार?"

"हाव. आधी एक बोलला चौदा हजार, आत्ता रातच्याले निघतो म्हने. मंग दुसरा भेटला. खामगावचाच हाये, भाडं घेऊन आला होता, वापस खालीच जाऊन राह्यला. नऊ हजारात जमवला. सकाळी सहाले निघतो. पोरगी मस्त मागं झोपून येईन."

मी म्हटलं, "चांगलं जमवलं काका." मनापासून म्हटलं. नऊ हजार या माणसाच्या खिशातून निघाले याचंच मला इतकं नवल वाटलं की सकाळी म्हणजे शुक्रवार, हे माझ्या लक्षातही आलं नाही. त्यांच्या लक्षात आलं होतं का, ते मी अजून विचारलेलं नाही. मला वाटतं, आलं होतं. एका दिवसानं काय होतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं असणार. चौदातून नऊ गेले की पाच उरतात, इतकं त्यांना पक्कं कळतं.

घरी त्यांनी काकूंना फोन केला तो अर्ध्या मिनिटाचा. गाडी केली, घेऊन येतो. काकूंना वाटलं, रात्रीच निघाले.

शुक्रवारी सात वाजता मी दुकान उघडायला गेलो तर काकू स्टँडवर उभ्या. डोक्यावरून पदर, एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा, लेकीवरून ओवाळून टाकायला. पहाटे पाचपासून उभ्या आहेत, असं चहावाल्यानं सांगितलं. मला पाहून हसल्या. त्यांना हसताना मी फार कमी पाहिलं आहे.

"कुठलोक आले असतीन रे? देऊळगाव सोडलं असीन का?"

सकाळची गाडी म्हणजे आजची, शुक्रवारची, हे मला तेव्हा उमगलं. मी काही बोलणार एवढ्यात माझा फोन वाजला. करिष्माचा, व्हिडिओ कॉल. गाडीला उशीर झाला होता, ड्रायव्हर आत्ता आला होता.

"हरिओमदादा, मायले दे ना. तिच्या फोनवर दिसत नाई."

मी फोन काकूंच्या समोर धरला. करिष्मा गाडीच्या मागच्या सीटवर बसली होती. अंगावर ओटीची हिरवी साडी, पाठीशी दोन उशा. गाडीचं दार उघडं होतं आणि बाहेर जावई पिशव्या ठेवत होता.

"माय, बसली मी. निघतो आता आम्ही."

काकूंना क्षणभर काही कळलं नाही. "निघता? कुठून निघता?"

"चाकणवरून. बाबांनी सकाळची गाडी केली ना."

काकूंनी तांब्या खाली ठेवला. फोन माझ्या हातातून स्वतःच्या हातात घेतला. "तुह्या बाबाले दे."

काकांचा चेहरा आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"रातची गाडी नोती भेटत का?" काकूंनी विचारलं.

"होती. पाच हजार जास्त मांगत होता."

 पुढं काकाच म्हणाले, "आता एका दिवसानं काय होते वं? संध्याकाळलोक घरी येते पोरगी. तू खोली झाडून ठेव."

"आठवा लागला आज," काकू म्हणाल्या.

"डॉक्टर म्हन्ते..."

"मले नका सांगू डॉक्टरचं." आवाज चढला नव्हता. उलट इतका खाली गेला होता की मला पुढं वाकून ऐकावं लागलं. "पोरीले द्या."

पुन्हा करिष्मा दिसली. तिनं बहुतेक सगळं ऐकलं होतं. हसू गेलं होतं तिचं. "माय, मी धीरे धीरे येतो ना. मले तुह्याजवळ याचं हाये."

काकूंनी डोळे मिटले. मला वाटलं, आता ही बाई हो म्हणेल. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हणा हो. कुणाला काही होत नाही. रस्ता चांगला आहे, गाडी चांगली आहे. पण मी काय सांगणार होतो त्यांना? पंचवीसच्या आतलं होते कन्फर्म, हेही मीच सांगितलं होतं. आणि माझं काही गेलेलं नव्हतं एसटीच्या वाटेत.

"उतर बाई खाली," काकू म्हणाल्या.

"माय..."

"उतर. सासूजवळ राह्य. ती करीन तुह्यं. चांगली हाये ती. मी येतो मंग, बारशाले." त्या भरभर बोलत होत्या, थांबलं तर मोडेल अशा. "सावकाश उतर. दाराले धरून उतर."

फोनच्या चौकोनात आम्हाला दिसलं. करिष्मानं एक पाय खाली ठेवला, जावयानं हात दिला, ती दाराला धरून उतरली. मग कुणीतरी फोन बंद केला.

काकूंनी फोन मला परत दिला. पदरानं आधी त्याची काच पुसली. मी म्हटलं, "काकू, बसा आत." त्या आत आल्या नाहीत. दुकानाच्या पायरीवर, लोकांच्या चपलांच्या मध्येच बसल्या. खामगावची एसटी येऊन लागली, माणसं चढली उतरली, कुणीतरी मला पीकविम्याचं विचारून गेलं.

मी त्यांच्याजवळ खाली बसलो.  मला निवृत्तीकाकांचा इतका राग आला होता की ते समोर असते तर मी त्यांच्या वयाचा मान ठेवला नसता. आणि तेवढीच त्यांची कीवही येत होती, कारण दहा वाजता त्यांचा फोन येणार आणि ते मला पुण्याहून परतीच्या जनरलची वेळ विचारणार, हे मला माहीत होतं.

काकूंनी माझा हात धरला.

"गाडीत बसली होती रे हरिओम," त्या म्हणाल्या. "माह्यी पोरगी गाडीत बसली होती." आणि भर स्टँडवर, लोकांसमोर, त्या रडायला लागल्या.